पूजेत बसवलेला जुना राऊटर

मी जुना राऊटर बोलतोय. जरा घाईनेच बोलतो, कारण माझा भरवसा नाही. पुढच्या चार दिव्यांपैकी एक कधीच गेलाय, आणि तासाभरात माझं अंग तव्यासारखं तापतं.

माझी उमेदीची वर्षं शिरवळला गेली. इंद्रजित तिथल्या कारखान्यात नोकरीला, खोलीवर राहायचा. त्याने मला हौसेने आणलं. पुढे माझ्यापेक्षा चपळ राऊटर आला आणि मी मेलेले सेल, तुटके चार्जर यांच्या सोबतीला खणात जाऊन पडलो. माणसं असल्या वस्तू टाकतही नाहीत आणि वापरतही नाहीत. 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणतात. त्या 'कधीतरी'ची वाट बघत मी तीन वर्षं काढली.

ती वेळ आली साताऱ्याजवळ, इंद्रजितच्या गावच्या घरी. त्याचे वडील लालासाहेब तोफखान्यातून निवृत्त झालेले. तोफांनी त्यांचे कान खाल्ले. फोन कानाला लावला तर नुसती गुणगुण ऐकू येते. त्यात यंदा मिरजेला खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते मागच्या खोलीत खाटेला खिळले. इंद्रजितने घरात तीन वायरलेस स्पीकर बसवले: पुढच्या सोप्यात, स्वयंपाकघरात आणि वडिलांच्या उशाशी. त्यांच्यावर बातम्या लागत, भजनं लागत आणि आलेला फोनही घेता येई. पण मागची खोली परड्यापलीकडे, भिंती दगडी. सोप्यातल्या राऊटरचं नेट तिथवर पोचेना, आणि मोबाइलला तर गावातच रेंज नाही; घरात फोन येतात तेही नेटवरूनच. मग इंद्रजितने लांबलचक वायर ओढली आणि तिच्या टोकाला, खोलीच्या खिडकीत, मला बसवलं. मी चालू असेन तरच उशाचा स्पीकर बोलतो.

लालासाहेबांना त्या स्पीकरमधून एकच आवाज हवा होता. त्यांची लेक राजेश्वरी लष्करात नर्स आहे. तिची बदली बर्फातल्या ठाण्यावर झाली होती. वर जाण्याआधी एकदा फोन करीन, असं तिने कळवलं होतं. एकदा रस्ता बंद झाला की उन्हाळ्यापर्यंत बोलणं नाही. फोन कोणत्या दिवशी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. दिवा जरा फडफडला की वाटायचं, आत्ताच फोन येणार आणि आत्ताच मी बंद पडणार.

आणि खंडेनवमी आली.

लालासाहेबांच्या पत्नी बनुबाई रीतीच्या पक्क्या. कोयता, खुरपी, विळी, शिलाई मशीन असं सगळं त्यांनी देवासमोर मांडलं. मग त्यांना माझी आठवण झाली. "ह्येबी लय राबतंय बिचारं," असं म्हणत त्यांनी माझी पिन काढली आणि मला पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. मग पाण्याचा शिंतोडा आला आणि ओलं कुंकू माझ्या फटींतून आत गेलं. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, ही त्या घरची रीत. म्हणजे दिवसभर मी मुका.

अकराच्या सुमारास सोप्यात सुनेचा, संयोगिताचा, फोन वाजला.

"आत्या, राजेश्वरीवन्सं हायत. धा मिनिटांत गाडी निघतीया म्हणत्यात. मामांशी बोलायचं हाय त्यांना."

बनुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पूजेतनं उठवू? आजच्या दिशी? पोरगी वर निघालीया. काय इपरीत झालं मंजे?"

संयोगिता फोन घेऊन मागे धावली, पण परड्यात आवाज तुटू लागला तशी ती सोप्यात परतली. शेवटी बनुबाईंनी नवऱ्याच्या दारात जाऊन ओरडून सांगितलं.

"आगं, आमीबी तोफा पुजत हुतो. पर पहाऱ्यावरच्या गड्याची बंदूक कवा पाटावर ठिवली न्हाई. आण त्येला."

बनुबाई माघारी आल्या. "चुकलं तर माज्या पदरात घाल, पोरीच्या नगं," असं देवाला म्हणून त्यांनी मला उचललं.

मागच्या खिडकीत पुन्हा पिन लागली. आम्हा जुन्यांना जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. पहिला दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आत कुठेतरी चुरचुरलं. त्या दोन मिनिटांत मी जेवढा भ्यालो, तेवढा खणातल्या तीन वर्षांत भ्यालो नव्हतो. लालासाहेब माझ्यावरची नजर हलवत नव्हते. उरलेले दिवे लागले तसा संयोगिताने सोप्यातून फोन इकडच्या स्पीकरवर वळवला.

"आबा? ऐकू येतंय?" उशाचा स्पीकर म्हणाला.

"येतंय. बोल, बाय."

"काय न्हाई. पाय टेकता का, तेवडं सांगा."

"टेकतो की," लालासाहेब म्हणाले. ते खोटं होतं. "तू पायमोजं दोन-दोन घालत जा."

ती हसली. मागे गाडीचा हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला. लालासाहेब मात्र आणखी थोडा वेळ बोलत होते.

आता ते कुंकू माझ्या आत वाळून बसलंय. दिवसातून दोनदा मी आपोआप बंद पडतो. इंद्रजितने परवा नवा राऊटर आणला, तर लालासाहेबांनी खोकं उघडू दिलं नाही. "ह्येच्यातनं माजी लेक बोलली. ह्यो हितंच ऱ्हाईल."

माझ्यासारख्याने खरं तर 'मला टाकू नका' म्हणून रडायचं असतं. मी उलटं मागतो. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर लालासाहेबांना मोठ्या आवाजात सांगा: बर्फ वितळायच्या आत मला काढा आणि खोक्यातला तो लावा. पोरीचा पुढचा फोन माझ्यावर सोडू नका.