घरून आणलेली बाटली

माझ्या लेकीच्या, सुचिताच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून मी पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो. सुचिताचं लग्न दुसऱ्या जातीत झालेलं. तिच्या सासरची पायरी मी त्या दिवशी पहिल्यांदाच चढलो.

पिशवीत बाळाचं झबलं होतं आणि डिस्टिल्ड पाण्याची बाटली. माझ्या मोठ्या आतड्याला काही वर्षांपासून जखमा आहेत, रक्त जातं. नागपूरच्या डॉक्टरांनी उकळलेलं पाणी पुरे म्हणून सांगितलं होतं. पण वाफेचं पाणी आतड्याला जास्त सोसतं, असं मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं आणि तसं पाणी काढायचं, टेबलावर ठेवायचं एक यंत्र मागवलं. त्या पाण्यानं खरंच बरं वाटतं, की वाटावं म्हणून वाटतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुचिताला यातलं काही माहीत नव्हतं. मुलीजवळ शौचाच्या गोष्टी कशा काढायच्या?

विहीणबाईंनी, म्हणजे पंचफुलाबाईंनी, पितळी गडवा आणि पेला समोर ठेवला. आमच्या भागात पाहुण्यानं आधी पाणी घ्यायचं, मग बोलणं सुरू होतं. मला तहान लागली होती. मी सवयीनं पिशवीतली बाटली काढली आणि प्यायलो. झाकण लावताना लक्षात आलं, ओसरीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते.

"मास्तर," व्याही भगवंतराव हसत म्हणाले, "आमच्या विहिरीत मगर हाय का जी?"

"नाही, नाही. तसं नाही."

"मंग? याच पाण्यावर आमची संत्री होते. सारं नागपूर खाऊन राहिलं. कोणी मेलं नाही अजून."

पंचफुलाबाई हसल्या नाहीत. "राहू द्या ना. चालत नसंल त्याहिले आपल्या हातचं. लग्नाले तरी कुठं आलते?"

सुचिता बाळाला घेऊन दारात उभी होती. तिची नजर बाटलीवर होती.

"बाबा, या घरात मले कोणी कमी केलं नाही," ती म्हणाली. "आज सारे पाहुणे पाहून राहिले. मले इथंच राहाचं आहे."

"मले पोटाचं दुखणं आहे," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. "आतड्याले जखमा आहेत. रक्त पडते. म्हणून हे पाणी."

"अगं माय!" पंचफुलाबाई म्हणाल्या.

पण सुचिता तशीच उभी राहिली. "लग्नाच्या दिवशीही तुमचं पोटच दुखत होतं, बाबा."

ते खरं होतं. त्या दिवशी मी सकाळपासून संडासातून बाहेर येऊ शकलो नव्हतो. पण पोट ठीक असतं तर गेलो असतो का? आणि आजही, उकळलेलं पाणी चालतं, तर तेच इथं मागून घ्यायचं का सुचलं नाही? आतड्याची भीती कुठं संपते आणि दुसरं काही कुठं सुरू होतं, हे मी स्वतःलाच छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतो. मग तिला काय सांगणार?

मी गडवा उचलला, पेला भरला आणि प्यायलो. पाणी गार होतं, किंचित खारट. फार दिवसांनी पाण्याला चव लागली. पुन्हा पेला भरला.

"बस, बस, मास्तर!" भगवंतराव म्हणाले. "जेवाले जागा ठेवा थोडी."

लोक हसले. बारसं झालं. पंगतीत पंचफुलाबाईंनी न विचारता माझ्या ताटात मऊ भात आणि ताक वाढलं. सुचिता मात्र जवळ आली नाही.

परतीच्या बसमध्ये, जामसांवलीचा फाटा यायच्या आतच पोटात कळ उठली. पाण्याची की भीतीची, कोण जाणे. तेवढ्यात सुचिताचा फोन आला.

"बाटली राहिली तुमची."

"राहू दे."

"मी पिऊन पाहिलं त्यातलं. याले काहीच चव नाही, बाबा."

"नसतेच."

मागे बाळ रडत होतं.

"तुमच्या डॉक्टरचा नंबर द्या मले."

काळजीनं मागते आहे की माझं खरं-खोटं करायला, ते तिच्या आवाजावरून कळेना. विचारायचा धीर झाला नाही. एका हातानं पोट दाबून धरत मी एकेक आकडा सांगत गेलो, आणि ती तो माझ्यामागून म्हणत गेली.