साडेबत्तीस सेंटिमीटर

काडतूस थंडगार होतं, आणि दिसत होतं त्याहून जड... पितळेचं, मधल्या बोटाहून लांब, टोकाला तांब्याची बोथट गोळी. विभावरीनं ते डाव्या हातातून उजव्यात घेतलं, पुन्हा डाव्यात. दुकानाच्या काउंटरवरच्या हिरव्या कापडावर शेजारी दुसरं होतं, तीनशे पंचाहत्तर कॅलिबरचं. लांबी जवळजवळ तेवढीच, फरक काय तो जाडीत. हातातलं चारशे सोळाचं. तिचा नवरा चारुदत्त म्हणायचा, हे तुझ्या खांद्याचं काम नाही गं, तू आपली तीनशे पंचाहत्तर घे, हलकी, रानरेड्याला कायद्यानं चालते. मागे मी आहे ना चारशे सोळा घेऊन.

मागे मी आहे ना. बावीस वर्षांत हे वाक्य त्यानं किती वेळा म्हटलं असेल — पुण्याहून स्टुटगार्टला येताना, तिनं नोकरी बदलताना, तीन वर्षांपूर्वी शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेला दोघं बसली तेव्हा. आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

जूनमध्ये झिम्बाब्वेला जायचं ठरलं होतं, दोघांनी मिळून एक रानरेडा मारायचा, आधी तिची गोळी, मग त्याची. रायफल घ्यायला फेब्रुवारीत दोघं मिळून जाऊ, घाई करू नकोस, असं त्यानं दोनदा सांगितलं होतं. पण आज शुक्रवारची दुपारची मीटिंग रद्द झाली, ट्राम नेमकी या चढाच्या रस्त्यावरून जात होती, आणि विभावरीला वाटलं, नुसतं बघून तर येऊ... माणसाला एवढीसुद्धा हौस असू नये का?

हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट हा बंदुका बनवणारा आणि दुरुस्त करणारा म्हातारा. त्यानं तिला आधी नाव विचारलं नाही, बजेट विचारलं नाही. विचारलं ते हे, की तुमच्या मागे कोण उभं असणार? जखमी रेडा पळून जात नाही, तो म्हणाला. गवतातून वळसा घालतो आणि स्वतःच्याच मागाच्या कडेला दबा धरून बसतो. तुम्ही माग बघत पुढे जाता, तो मागून येतो. म्हणून पहिली गोळी कुणाची हे महत्त्वाचं नाही. दुसरी कुणाची, त्यावर तुमचा कॅलिबर ठरवायचा. "नवरा," ती म्हणाली होती, विचारसुद्धा न करता. "गेनाऊ," अगदी बरोबर, म्हातारा खूश झाला, मग तीनशे पंचाहत्तर पुरे. आणि नाव लिहून घ्यायला त्यानं वही ओढली. वैशंपायन हे नाव जर्मन माणसाच्या तोंडात मावत नाही, ते त्याच्या तोंडून बरोबर आलं तेव्हाच खरं तर तिला खटकायला हवं होतं.

आल्झो, म्हणजे तुम्हीच का त्या! मग थांबा, तुमची तयारच आहे. तो लगबगीनं आत गेला आणि दोन्ही हातांवर आडवी धरून एक रायफल घेऊन आला. हेर वैशंपायननी ऑक्टोबरात सांगून ठेवली होती, बायकोसाठी. दस्ता, खांद्याला टेकणारं हे लाकूड, मापानं कापलाय.

क्षणभर ती लाजलीच. पंचेचाळिसाव्या वर्षी! म्हणून घाई करू नकोस, म्हणून फेब्रुवारी... मेल्यानं गुपचूप केली होती तर. अक्रोडाचं लाकूड सुरेख होतं. तिनं ती उचलली, सवयीनं डाव्या खांद्याला लावली आणि गाल टेकवायला गेली, तर अंगठा नाकावर आदळला. दस्ता तोकडा पडत होता. चांगला दोन बोटं तोकडा. आणि गोळी भरायच्या बोल्टची मूठ पलीकडे होती, उजवीकडे. गोळी झाडल्यावर दुसरी भरायला तिला रायफल खांद्यावरून काढावी लागली असती, तेवढ्यात रेडा येऊन...

हेर फोग्ट काउंटरच्या बाहेर आला. तिच्या हातांकडे बघितलं, मग तिच्या उंचीकडे. त्यानं खणातून एक कागद काढून समोर ठेवला. माझ्याकडून चूक नाही झालेली, एवढंच त्याला दाखवायचं असावं बिचाऱ्याला.

चौकटीचा कागद, चारूचं अक्षर. वर ३७५, सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ, दशांशाला स्वल्पविराम, दोन्ही इथे येऊन शिकलेलं. कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत: ३२,४. ३२,५. ३२,६. आणि खाली सरासरी, दोनदा अधोरेखित केलेली. तीन वेळा मोजलं होतं. गिअरबॉक्सच्या दात्यांत केसाएवढा फरक राहिला तर जेवण न जाणारा माणूस तो, अंदाजानं कधी काही लिहिणार नाही. तीन वेळा मोजायचं तर तीन वेळा हात धरावा लागतो. कोपर वाकवून, पट्टी लावून, बोट सरळ करून.

माझा हात छत्तीस आहे. परवान्याच्या वर्गातच मोजला होता, त्यानंच.

विसरला असेल. माणूस विसरतो... काय विसरतो? लग्नानंतरच्या सत्यनारायणाला तीर्थ घ्यायला तिनं डावा हात पुढे केला, तेव्हा सासूबाईंच्या कपाळावर आठी पडण्याआधी यानंच तिचं मनगट दाबून कानाशी म्हटलं होतं, "उजवा, उजवा." आणि इथल्या पहिल्या हिवाळ्यात, दोघांची मिळून एकच जाड जाकीट असताना, हाच कुठूनसा डावखुऱ्यांची कात्री घेऊन आला होता. नुसतीच हातात ठेवली, म्हणाला, आता काप. जन्मात पहिल्यांदा कागद सरळ कापला गेला आणि ती टेबलाशी बसून रडली होती. ती कात्री अजून स्वयंपाकघरात आहे. तो विसरला असेल तर ती कात्री, ते मनगट, सगळंच विसरला. आणि विसरला नसेल तर ही रायफल मुळात माझ्यासाठी नाही.

ईप्सिता. त्याच्या टीममधली, चणीनं लहान, उजव्या हाताची. कोवळी मुलगी नव्हे, चांगली अडतीस वर्षांची बाई. शिकारीच्या वर्गाला तिला नेलं कुणी? विभावरीनंच. एकटी असते, शनिवारी काय करणार, म्हणून. घरी बोलावून मोदक खाऊ घातले. झिम्बाब्वेला फोटो काढायला ईप्सिता येऊ दे का, असं चारूनं दिवाळीत विचारलं, तेव्हा विभावरीच म्हणाली होती, येऊ दे की. आणि त्यानंतर आठवड्याभरात, भाजी चिरताना, अगदी सहज... गवतात फार चालावं लागतं, तू कॅम्पवर थांबलीस तरी चालेल हं. तेव्हा वाटलं, काळजी करतोय.

काळजी! तिला एकदम इतका संताप आला, की हातातली रायफल कापडावर जरा जोरातच टेकली आणि म्हातारा दचकला. राग कुणाचा हेही धड ठरेना. 'बायकोसाठी' म्हणून सांगितलं याचा? माझं नाव, माझी बावीस वर्षं, कापून साडेबत्तीसची केली याचा? की तो अजूनही सुटू शकत होता याचा — घरी जाऊन विचारलं तर तो डोळे विस्फारून म्हणेल, अगं सरप्राइज होतं, माप चुकलं. आणि मी ते मानायला तयार होईन. मला मी माहीत आहे.

हेर फोग्ट हळूच म्हणाला, की चूक झाली असेल काहीतरी, फोन करू का त्यांना?

"नको," ती म्हणाली. "डाव्या हाताची आहे का तुमच्याकडे?"

होती. एका वनरक्षकाची, वारला बिचारा. बायकोनं आणून विकली. बोल्ट डावीकडे, दस्ता लांब, वजन सव्वाचार किलोच्या वर. पण ती चारशे सोळा आहे, म्हातारा म्हणाला, आणि तुमच्या मागे तर नवरा असणार, मग एवढी कशाला?

विभावरीनं ती उचलली. रायफल खांद्याला लावली. गाल लाकडावर जिथे टेकायला हवा तिथे टेकला, बोल्टची मूठ आपण होऊन हाताशी आली. वजन होतं, पण झेपत होतं. इतकी वर्षं झेपणार नाही असं कुणी ठरवलं होतं, आणि तिनं तरी ते का ऐकलं होतं? समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं नेम धरला आणि सवयीनं वाट पाहिली... मनातल्या त्या गवतात तिच्या उजव्या खांद्याशी नेहमी चारूचा श्वास ऐकू यायचा, जरा दम लागल्यासारखा, नाकातून. आज ऐकू आला नाही.

"ही ठेवून द्या माझ्यासाठी," ती म्हणाली. "आणि मी आले होते हे त्यांना सांगू नका."

म्हाताऱ्यानं मान डोलावली, वही मिटली. असली गुपितं त्यानं किती जणांची ठेवली असतील, त्यात चारूचंही एक असेल, आता तिचंही.

बाहेर उजेड ओसरायला लागला होता. स्टॉपवर पोचते तोच फोन वाजला. चारू. कुठे आहेस, येताना दही आणशील का, आवाज रोजचा, मायेचा. "ऑफिसातच आहे," ती म्हणाली, "आणते." इतकं सहज निघालं तोंडून, की तिलाच नवल वाटलं, मग वाटलं, त्यालाही असंच सहज जात असेल.

ट्रामला सहा मिनिटं होती. डावा खांदा दस्त्यानं दाबला होता तिथे किंचित ठणकत होता. उतारावरून माणसं पिशव्या घेऊन येत होती, जात होती. काही वेळानं तिच्या लक्षात आलं, की बाक रिकामा असूनही आपण उभ्याच आहोत, स्टॉपच्या काचेला पाठ घट्ट लावून, मागे कुणाला जागाच उरणार नाही अशा.