नऊ मोजेपर्यंत

आमच्या नाटक कंपनीत मला कुजबुज म्हणतात. सव्वीस वर्षं मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत पडद्याला खेटून स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडी ठेवायची आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्याकडे सोडायचा. तो त्याला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये. सोपं वाटतं ना? बसून बघा. जाहिरातीत माझं नाव केशभूषेच्या खाली, छापखान्याच्या वर असतं. मला त्याचा राग आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही.

त्यामुळे माझ्या हस्ताक्षराची किंमत एकदम सरकारलाच कळली, तेव्हा हसावं की रडावं ते मला समजेना.

नाटक ऐतिहासिक होतं. चारशे वर्षांपूर्वीचा एक राजा, त्याचा इमानी चिटणीस आणि त्या चिटणिसावर रचलेला फितुरीचा खोटा खटला. चिटणीस आमचे मुख्य नट, दादा करायचे. तिसऱ्या अंकात भर दरबारात ते म्हणतात, "फितूर कोण, हे या दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो इथेच बसला आहे, सिंहासनाच्या डाव्या हाताला, माझ्याच खुर्चीत!" मग राजाचा मेहुणा दचकून उभा राहतो. संहितेच्या प्रत्येक पानावर सरकारचा मंजुरीचा शिक्का होता. चारशे वर्षांपूर्वीच्या मेहुण्याबद्दल कुणाला काय आक्षेप असणार?

एकेचाळिसाव्या प्रयोगाला एक मंत्री आले. पहिल्या रांगेत, बरोबर मध्यभागी. त्या महिन्यात शहरात रोज कुणाला ना कुणाला उचलत होते आणि ती यादी याच मंत्र्यांच्या टेबलावरून निघते असं लोक बोलत होते, अर्थात घराची खिडकी लावून घेऊन. दादा रंगमंचाच्या अगदी पुढे आले. "तो इथेच बसला आहे," म्हणाले, आणि थांबले.

मी तीन मोजले आणि शब्द सोडला. "सिंहासनाच्या." दादा ढिम्म. पुन्हा सोडला. ते फार पुढे उभे होते, माझा आवाज पोचत नव्हता. कोऱ्या चेहऱ्याने ते समोर बघत राहिले, आणि समोर मंत्री होते. मी नऊपर्यंत मोजलं. मग कुठेतरी मागे एक टाळी वाजली आणि तिच्यामागून सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. त्या गोंगाटात मी चक्क ओरडून वाक्य सांगितलं तेव्हा दादा पुढे सरकले.

मंत्री मध्यंतरानंतर थांबतात हेच विशेष. ते शेवटपर्यंत बसले आणि हसत गेले.

दादा विसरले होते, एवढंच. वर्षभरापासून ते विसरत होते. ही गोष्ट तीनच माणसांना माहीत होती: त्यांना, वहिनींना आणि मला. रोज सकाळी मी त्यांच्या घरी जायचे आणि दोन तास आम्ही संहिता घोकायचो, पहिल्या दिवसासारखी. डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. "कागदावर आलं की खरं होतं," म्हणायचे.

आता माझी चूक सांगते. प्रयोगात कुणी शब्द गाळला, घुसडला, फिरवला की मी ते संहितेच्या वहीत, समासात लाल पेन्सिलीने टिपते, तारखेसकट. बाकीचे नट त्या वहीला घाबरतात. दादा मात्र प्रयोग संपला की आधी वही मागायचे, कपडेही न बदलता. त्या संध्याकाळी त्यांचा मेकअप घामाने ओघळला होता, दार उघडून ते विंगेकडे येत होते, आणि मला समासात 'विसरले' लिहवेना. मी लिहिलं, "इथे मुद्दाम थांबले. नऊ मोजेपर्यंत. टाळ्या." दादांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हो. मुद्दामच." त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं त्यासाठी मी आणखी दहा वेळा खोटं लिहिलं असतं.

वही ऑफिसच्या कपाटात राहते. चार दिवसांनी दोन माणसं येऊन ती घेऊन गेली. पोच मिळाली, शिक्क्यासकट.

त्या दिवसापासून कंपनीत श्वास घ्यायचीही चोरी झाली. चहाचे कप दोनदोनच्या टोळक्यात फिरू लागले. मी मेकअपच्या खोलीत शिरले की बोलणं बंद, आणि सगळ्यांना अचानक मिशा चिकटवायची घाई. व्यवस्थापकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. ते येताना तो वाजला की दारामागे कान लावून उभं असलेलं कुणीतरी दोन पावलं मागे सरकायचं. कपाट व्यवस्थापकांनी उघडून दिलं होतं, पण वहीत काय आहे हे त्या माणसांना आधीच माहीत होतं. त्यांनी दुसरं काही मागितलंच नाही. म्हणजे आमच्यातलंच कुणीतरी.

माझा संशय राजावर होता. राजाचं काम करणारा तो नट गेली पाच वर्षं चिटणिसाच्या भूमिकेवर डोळा ठेवून होता, आणि त्याला सगळे राजेच म्हणायचे, त्यामुळे तो तसाच वागायचा. एक दिवस त्याला मी जिन्यात गाठलं.

"राजे, चिटणिसाची वाक्यं पाठ झाली का?"

"कधीच झालीत," तो म्हणाला. मग एक पायरी खाली उतरून माझ्या कानाशी आला. "पण कुजबुजबाई, रोज सकाळी दोन तास दादांच्या घरी तुमची कसली खलबतं चालतात? सगळी कंपनी विचारते आहे. लिहिता तुम्ही, वही तुमची, आणि विचारता मला?"

खरं सांगितलं असतं तर दादांचं बिंग फुटलं असतं. मी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याचा त्याने लावायचा तो अर्थ लावला. संध्याकाळपर्यंत कंपनीत मी खबरी ठरले होते. माझं स्टूल कुणीतरी विंगेतून उचलून पॅसेजमध्ये ठेवलं. मी ते उचलून परत आणलं आणि बसले. एवढ्याने उठणारी बाई मी नव्हे.

तोवर समन्स आलं. दादा आणि मी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. आरोप होता प्रयोगातून लोकांना चिथावण्याचा आणि त्यासाठी कट केल्याचा. शिक्षा सात वर्षं.

बुधवारी मी दादांच्या घरी गेले. वहिनींनी मला दारातच थांबवलं आणि स्वयंपाकघरात ओढलं. नळ सोडला, त्या आवाजाआड बोलल्या.

"उद्या सगळं सांगून टाक. विसरतात म्हणून सांग. आंघोळीला जातात आणि टॉवेल हातात धरून उभे राहतात, का आलो ते आठवत नाही. परवा मला म्हणाले, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? तुरुंगात त्यांना कोण सांगणार जेवण झालंय की नाही ते? सात वर्षं? सात आठवडेसुद्धा निभणार नाहीत गं."

"सांगते, वहिनी."

"शपथ घे."

मी घेतली. बाहेर आले तर दादा खुर्चीत ताठ बसले होते. वयाच्या मानाने त्यांचे कान फार तिखट.

"काय सांगायला सांगितलं तिने?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या समोर बसले. "ऐक. चिटणीस म्हणून मला धरून नेलं तर लोक टोप्या काढतील. विसरभोळा म्हातारा म्हणून सोडलं तर त्याच लोकांना माझी कीव येईल. मला कीव नको. मी मुद्दाम थांबलो. तूच तसं लिहिलंयस."

"दादा, ते मी तुमच्यासाठी लिहिलं होतं."

"म्हणूनच सांगतोय. खोडू नकोस."

घरी जाताना मला त्यांचा भयंकर राग आला. नटाची जात! फाशी जायचं तरी प्रकाश तोंडावर हवा. आणि मला माझा त्याहून जास्त राग आला.

गुरुवारी त्या ऑफिसात आम्हाला एकाच टेबलासमोर बसवलं. साहेब तरुण होते, आवाज मऊ, शर्टाची घडी मोडलेली नाही. माझी वही त्यांच्यापुढे होती आणि तिच्यात कागदाच्या पिवळ्या खुणा घातलेल्या. वहिनींना वर येऊ दिलं नव्हतं. त्या खाली बाकावर बसल्या होत्या.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं. पण लिहिलंय ते खोटं आहे."

साहेबांनी भुवया वर केल्या. मी सांगितलं. एका दमात सगळं सांगितलं: सकाळचे दोन तास, टॉवेल, डॉक्टर, 'विसरले' लिहवलं नाही ते. दादा माझ्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं घट्ट आवळली होती. आपण कुणाला तरी भर रस्त्यात नागडं करतो आहोत असं मला वाटत होतं, तरी मी बोलत राहिले, कारण खाली बाकावर वहिनी होत्या.

"म्हणजे सकाळच्या बैठका तुम्ही मान्य करता," साहेब म्हणाले.

"बैठका कसल्या? तालमी हो! पाठांतर!"

"चाळीस प्रयोग झालेल्या नाटकाचं?" ते हसले, मग दादांकडे वळले. "बाई म्हणतात तुम्हाला काही आठवत नाही. वैद्यकीय कागद नाही. तुम्हीच सांगा. ते भाषण येतं का म्हणून दाखवता?"

माझा जीव हलका झाला. सगळं भाषण त्यांना वर्षभरात एकदाही सलग आलं नव्हतं. आता ते दुसऱ्या वाक्याला अडतील, साहेब बघतील, वहिनी त्यांना घरी घेऊन जातील. नंतर आयुष्यभर माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल.

दादा उभे राहिले. खुर्ची नीट मागे सरकवली. आणि सुरू झाले.

शब्द न शब्द. वीस वर्षांपूर्वीचा तो आवाज, ज्याने मागच्या रांगेतल्या माणसाच्या हातावरही काटा यायचा. माझे ओठ सवयीने हलत होते आणि मागे पडत होते. बाहेर टाइपरायटर बडवणारा कारकून थांबला. "फितूर कोण, हे या दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो इथेच बसला आहे." दादा साहेबांकडे बघत थांबले. मी मोजलं. सात. आठ. नऊ. "सिंहासनाच्या डाव्या हाताला, माझ्याच खुर्चीत!"

आणि मी, मूर्ख बाई, मनातल्या मनात म्हणाले, वा दादा.

"नऊ," साहेब म्हणाले. "मीही मोजले." त्यांनी वही मिटली. "बाई, खोटी साक्ष हाही गुन्हा असतो. तुमच्या वयाकडे बघून मी ती कागदावर घेत नाही. तुम्ही जाऊ शकता. यांचा जबाब मात्र घ्यावा लागेल."

त्यांनी छापील फॉर्म पुढे ओढला आणि मान खाली घालून भरू लागले. मी उठले आणि दारापाशी जाऊन थांबले.

"पूर्ण नाव?" दादांनी सांगितलं.

"वय?" तेही सांगितलं.

"घरचा पत्ता?"

दादा गप्प. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं, मान खाली. एक. दोन. दादांचा चेहरा कोरा झाला, त्या संध्याकाळसारखा, आणि त्यांनी हळूच दाराकडे बघितलं. तीन.

"बावीस, घंटाघर गल्ली, दुसरा मजला," मी म्हणाले.

मला बोलायचं नव्हतं. बोलायचं ठरवलंही नव्हतं. सव्वीस वर्षं तीनच्या पुढे मी कुणाला शांततेत उभं राहू दिलेलं नाही. आवाज अगदी मापाचा होता: त्यांना ऐकू गेला, टेबलापलीकडे गेला नाही.

"बावीस, घंटाघर गल्ली," दादा ठणठणीत आवाजात म्हणाले. "दुसरा मजला."

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांनी मान वर केलीच नाही.

मग एक शिपाई दादांना आतल्या दाराने घेऊन गेला. जाताना ते माझ्याकडे बघून हसले. चांगला प्रयोग झाला की हसायचे, तसे.

मी जिना उतरले. वहिनी बाकावरून ताडकन उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"सांगितलंस?"

"सांगितलं. पण त्यांनी भाषण म्हणून दाखवलं. सगळं. न चुकता."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग एकदम उघडले. त्यात अजून आशा होती.

"भाषण येईल गं, ते रक्तात आहे. पण पत्ता विचारला असेल ना? सगळीकडे विचारतात. सकाळपासून त्यांना घरचा पत्ता आठवत नव्हता. तीनदा विचारला मला. मी नाही सांगितला. म्हटलं, तिथे अडू देत. साहेबाला दिसू देत." त्यांनी माझे हात हलवले. "अडले ना?"

"नाही, वहिनी," मी म्हणाले. "अडले नाहीत."