मजीदभाईंच्या पोटातले माझे बारा दिवस

मी एक जुना स्टेंट आहे. हसू नका मित्रांनो, माझी सगळी नोकरी जेमतेम बारा दिवसांची. पण तेवढ्यात मी एका माणसाचा जीव राखला.

बारीक तारांची विणलेली नळी म्हणजे मी. मला कितीही आवळून बारीक करा, शरीराची ऊब लागली की मी पुन्हा फुलतो. हा गुण सगळ्यांच्या अंगी नसतो!

भिवंडीच्या मजीदभाईंनी तीस वर्षं कापड विणायचे लूम चालवले. धागा तुटेल या काळजीने ते शिफ्टमध्ये शौचालाही जात नसत. पुढे शौचातून रक्त पडू लागलं, तेव्हा मूळव्याध समजून त्यांनी दुकानातल्या गोळ्या खाल्ल्या. लाजेने बायकोलाही सांगितलं नाही. खरं तर मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ वाढत होती. एके दिवशी तिने वाटच बंद केली. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या.

"गाठ काढायचीच आहे," डॉक्टर सुकन्या म्हणाल्या. "पण आतडं फुगलंय, अंगात ताकद नाही. आजच कापलं तर जिवाला धोका जास्त, वर शौचासाठी पोटाला पिशवी लावावी लागेल. आधी जाळीची नळी घालून वाट मोकळी करू."

"जाळी दाखवा तरी," मजीदभाई कण्हत म्हणाले. माझ्यासारखाच एक नमुना त्यांनी बोटांनी चाचपला. "विणकाम पक्कं हाय. घाला."

तीस वर्षांच्या कारागिराची शाबासकी! मी फुशारून गेलो.

दुर्बिणीच्या नळीतून मला गाठीपर्यंत नेलं. गाठीने मला चांगलंच दाबलं. मीही हटलो नाही, हळूहळू फुलत गेलो. संध्याकाळी मजीदभाईंना वारा सरला. आवाज एवढा मोठा, की शेजारच्या खाटेवरचे रामनाथकाका दचकून उठून बसले. मजीदभाईंच्या पत्नी हबीबाभाभी रडता रडता हसू लागल्या. "अल्लाचा शुक्र! सुटला एकदाचा!"

मग पेज, वरणाचं पाणी, मऊ भात. मजीदभाईंच्या अंगात ताकद आली. बाराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आतडं नीट जोडता आलं, पिशवी लागली नाही. गाठीबरोबर मीही बाहेर आलो. गाठ काढली डॉक्टरांनी, ते श्रेय त्यांचं. पण तोवर खिंड मी लढवली. आता डॉक्टरांच्या टेबलावर बरणीत ऐटीत बसतो.

गेल्या महिन्यात मजीदभाई आपल्या कारखान्यातल्या सुफियानला दंडाला धरून घेऊन आले.

"याला रक्त जातंय, डॉक्टर. शरमेनं बोलत न्हवता."

सुफियान खाली मान घालून बसला. तपासणीत बारीकशी गाठ दिसली. ती कर्करोग होण्याआधीच दुर्बिणीतून काढून टाकली.

मित्रांनो, घरात कुणी असं दुखणं लपवत असेल, तर त्याला बोलतं करा, दवाखान्यात न्या. सुफियानला माझी गरजच पडली नाही, आणि खरं सांगतो, मला सर्वांत जास्त अभिमान त्याच दिवशी वाटला.