गळका जोड

जऊळक्याच्या स्टेशनावर इंजिनाला पाणी देणारे नळ सांभाळण्यात शालिग्रामची उमर गेली. तो रिटायर झाला आणि त्याच साली गोजराबाईचे पाय लुळे पडले. बायको दिवसभर ओसरीतल्या बाजेवर पडून उघड्या अंगणाकडं बघत राहायची. ते त्याला बघवेना. त्यानं अंगणात विटांचा लहानसा हौद बांधला, कमळाचे कंद लावले, मासोळ्या सोडल्या. पहिलं कमळ उमललं तेव्हा गोजराबाई कितीतरी दिवसांनी हसली.

उन्हाळ्यात हौदाचं पाणी हिरवं पडलं, वास मारू लागलं. विहीर तळाला गेलेली. नवं पाणी आणायचं कुठून? आहे तेच गाळायचं म्हणून शालिग्रामनं पत्र्याच्या जुन्या पिंपात गिट्टी, कोळसा, रेती भरली आणि बुडाशी भोक पाडून नळी बसवली. पण वरून ओतलेलं अर्धं पाणी जोडातूनच मातीत जाई.

नळीच्या आट्यांवर ताग गुंडाळून त्यानं फटी बुजवायला सफेद्याचा लेप थापला. गळती थांबेना. सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून घातला, तरी धार लागलेलीच.

शेजारचा जानराव कुंपणाशी थांबला. "जयभीम, शालिग्रामभाऊ. मान्साले प्याले पानी नाही, अन् तू मासोळ्याइले गाळून देऊन राह्यला?"

"मासोळ्याइले नाही रे," शालिग्राम म्हणाला.

जानरावनं ओसरीकडं पाहिलं.

"राहू द्या ना आता," गोजराबाई बाजेवरून म्हणाली. "माह्या पायाले काय कमी तेल चोळलं तुमी? काई झालं काय?"

"थोडंसंच आवळाचं राह्यलं."

त्यानं पाना लावून सगळा जोर टाकला. कर्रकन आवाज झाला. गंजलेला पत्रा जोडापासून वरपर्यंत फाटला आणि काळं पाणी, रेती, कोळसा सगळं अंगणभर पसरलं. शालिग्राम नळी हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिला.

बऱ्याच वेळानं तो उठला. "जानराव, हौदातलं पानी तुह्या बकऱ्याइले घेऊन जाय. अन् मासोळ्या विहिरीत सोड."

जानरावनं बादल्या भरून नेल्या. कमळाची पानं चिखलावर चिकटून बसली.

"जगतीन काय त्या विहिरीत?" गोजराबाईनं विचारलं.

शालिग्राम सांडलेला कोळसा वेचू लागला.