पोहणं धरलेलं नाही

वहिनीने खुर्ची ओढून थेट पडद्यासमोर घेतली, पर्स मांडीवर ठेवली आणि विचारलं,

"आज कुठे आहे?"

नणंदेने माऊस हलवला. निळ्या पाण्यावरचा लाल ठिपका कालच्यापेक्षा आणखी दक्षिणेला सरकला होता. दादाची होडी उलटली, शोध घेणाऱ्यांनी हात टेकले, तेव्हापासून वहिनी रोज नणंदेच्या या कार्यालयात येत होती. एरवी दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आता मात्र दोघींना धड बोलता येईल अशी हीच एक जागा उरली होती.

या संगणकात एक समुद्र होता, म्हणजे पाणी कुठून कुठे वाहतं याचं गणित. दुसऱ्या गणितात जीव होते: शेवाळ, ते खाणारे सूक्ष्म प्राणी, माशांची पिल्लं. ही दोन गणितं एकमेकांना जोडण्यात नणंदेची उमेदीची वर्षं गेली. पाण्याचं आणि माशांचं लग्न लावतेस, स्वतःचं कधी, असं दादा चिडवायचा. आता त्याच पाण्यात तिने दादाच्या नावाचा लाल ठिपका सोडला होता.

"हे हिरवे ठिपके वेगळेच चालतात गं," वहिनी म्हणाली.

"माशांची पिल्लं आहेत ती. जरा मोठी झाली की पोहतात."

"कुठे जातात?"

"खायला असेल तिकडे. बहुतेक किनाऱ्याकडेच."

"आणि हा?"

नणंदेने माऊसवरचा हात काढून घेतला.

"हा नुसता वाहतो, वहिनी. त्याचं पोहणं धरलेलं नाही."

वहिनीने पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

आणि नणंदेला रडू फुटलं. घरातले सगळे आशा लावून बसलेले असताना तिने एकटीनेच भावाला मेलेला धरलं होतं.

वहिनी रागावली नाही. पर्समधून रुमाल काढून तिने पुढे केला.

"एकदा पोहू दे त्याला."

नणंदेने डोळे पुसले. ठिपका होडी उलटली त्या जागी नेला आणि पिल्लांचं पोहणं त्याला लावलं. ठिपका वळला. किनाऱ्याच्या दिशेने थोडा थोडा सरकू लागला, तशी वहिनी पुढे झुकली. मग प्रवाहाने त्याला बाजूला ओढलं. तो पुन्हा वळला, पुन्हा ओढला गेला. शेवटी जवळपास आजच्याच जागी येऊन थांबला.

"निघाला होता ना पण घरी यायला," वहिनी म्हणाली.

"हो."

वहिनी उठली. खुर्ची होती तिथे नीट सरकवून ठेवली.

"उद्यापासून मी नाही येणार इथे. तूच घरी ये. जेवायला."