मॅजिस्ट्रेट कुठं बसला

१९६४ साली नेई मरेवे, म्हणजे मरेवेबाई, हिच्या बबाईच्या खड्ड्याचा निकाल लागला. त्या वर्षी आमच्या नोनोउटी बेटावर नारळ बरे धरले होते आणि माणसांना भांडायला सवड होती.

बबाई म्हणजे आमचं अळूच, पण पान माणसाला सावली देईल एवढं. वाळू खणत गोड्या पाण्यापर्यंत जायचं आणि त्या खड्ड्यात पाला कुजवून कंद पोसायचा. असा एक खड्डा आणि त्याला लागून असलेली नारळांची पट्टी म्हातारा काउरे मरताना मरेवेला देऊन गेला. ती त्याच्या नात्यातली नव्हती. पण त्याचे पाय गेल्यावर उचलणं, धुणंपुसणं, भरवणं तिनंच केलं. अशा सेवेबद्दल जमीन देण्याची रीत जुनीच आहे. काउरेच्या पुतण्याला, ऊएरेला, ते मान्य नव्हतं.

"काका तापात बरळला. बरळण्यानं कुठं जमीन जाते?"

"आणि त्या तापात तू कुठं होतास?" मरेवे म्हणाली.

"मासे धरत होतो. ते शिजवलेस तूच ना?"

"शिजवले, काटे काढून भरवलेही. तुझ्या माशांत काटेच फार."

बेटावरचा मॅजिस्ट्रेट ऊएरेचा मेहुणा आणि मरेवेचा चुलतभाऊ. त्यानं हात जोडले. "माझा एक कान इकडे, एक तिकडे. ऐकू कशानं?" म्हणून उत्तरेकडच्या एका बेटावरून तिथला मॅजिस्ट्रेट तेम (म्हणजे श्रीयुत) बकोआ याला बोटीनं बोलावलं. इथं त्याचं कुणीच नव्हतं, हीच त्याची लायकी.

कोर्टाचं छप्पर शाकारायला काढलेलं, म्हणून सुनावणी मनेआबात, गावाच्या बैठकीच्या घरात ठेवली. तिथं प्रत्येक घराण्याची जागा बापजाद्यांपासून ठरलेली. परका माणूस ज्यांच्या जागेत बसेल त्यांच्या नात्यातला होतो. पाहुण्यांची जागा वेगळी, समुद्राच्या अंगाला. बकोआच्या बेटावर पूर्वी राजे होते, त्यांच्या हुकमात ही वाटणी कधीच मोडून गेली होती.

"कुठं बसू?" त्यानं विचारलं.

म्हातारा बिरिबो गावात सगळ्यांत वडील. तो मान लववून म्हणाला, "कुठंही बसा. सगळं आपलंच आहे."

असं म्हणायची पद्धत आहे. मग पाहुण्यानं थांबायचं आणि यजमानानं त्याला हाताला धरून न्यायचं. बकोआ थांबला नाही. वारा बरा लागतो म्हणून तो एका खांबाला टेकून चटईवर बसला. ती जागा मरेवेच्या घराण्याची होती.

पाहुण्याला उठवणार कोण? बिरिबो तर स्वतःच्याच शब्दांत अडकलेला. मरेवेनं ऊएरेकडे पाहिलं. तो खाली मान घालून हसत होता. तिनं हिशेब मांडला. निकाल तिच्या बाजूनं लागला, तर तो म्हणणार, भावानं बहिणीला दिला, असला निकाल कोण मानतो? विरुद्ध लागला तर तो गप्प बसणार. म्हणजे खड्डा दोन्हीकडून गेलाच.

ती उठली आणि वाकून चालत बकोआच्या पुढ्यात आली.

"भाऊ, बुबुसी आहे."

बुबुसी म्हणजे नातलगाचं मागणं. ते नाकारणाऱ्याची इज्जत जाते. हे बकोआच्या बेटावरही होतं.

तो चपापला. "मी तुझा भाऊ कधी झालो?"

"मघाशी. बसलात तेव्हा. ही चटई मला द्या."

मागून एक म्हातारी खुदकन हसली. बकोआनं भोवतीचे चेहरे पाहिले, खांब पाहिला, आणि त्याला उमगलं. त्यानं उठून चटई गुंडाळून तिच्या हातात दिली.

"आता तरी सुटलो ना तुझ्या नात्यातून?"

"चटई परत मागू नका म्हणजे झालं."

बिरिबोला कंठ फुटला. "चटई दिली, जागा सुटली. आता हा पाहुणा. ऊएरे, परका आहे ना हा?"

सगळं गाव ऊएरेकडे बघत होतं. "परका आहे," तो पुटपुटला.

बकोआ समुद्राच्या अंगाला जाऊन नुसत्या खड्यांवर बसला. दोन्हीकडच्या माणसांचं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. काउरेनं खड्डा दिला हे दोन शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. पट्टीचं नाव कुणाच्याच कानावर पडलं नव्हतं. खड्डा मरेवेला, नारळ ऊएरेला, असा निकाल त्यानं दिला.

"बसू दिलं असतंस तर नारळही मिळाले असते," घरी जाताना तिची जाऊ म्हणाली.

"मिळाले असते," मरेवे म्हणाली, "आणि पाडताना रोज शिव्या खाल्ल्या असत्या."

बकोआ पुन्हा आमच्या बेटावर आला नाही. पुढं आपल्या बेटावरच वारला. बिरिबो मरेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला, तोंडातून शब्द निघायच्या आत, दंडाला धरून जागेवर नेत असे. ऊएरे फॉस्फेटच्या खाणीवर कामाला गेला, दम्याचा आजार घेऊन परतला आणि नारळांखालीच घर बांधून राहिला. मरेवेशी तो बोलत नसे, पण निकाल देणारा परका आहे असं आपणच गावासमोर म्हटलं, हे त्यानं कधी नाकारलं नाही. मरेवे खूप म्हातारी होऊन गेली. तिची नात आता तारावाला, राजधानीच्या बेटावर असते, बेटावर येत नाही. खड्ड्यात गवत माजलंय. ऊएरेची मुलं पलीकडे नारळ पाडतात, पण त्या खड्ड्यात पाऊल टाकत नाहीत.